‘देइदाद’, ‘देवता’ आणि जव्हार-मोखाड्याचा ‘देव’

१

स्पॅनिश भाषेत ईश्वरवाचक शब्दांची दोन घराणी आहेत. एक ‘दिओस’, अनेकवचनी ‘दिओसेस’. दुसरे ‘देइदाद’, अनेकवचनी ‘देइदादेस’. कोशात पाहिले तर ‘देइदाद’ या शब्दाखाली दोन अर्थ मिळतात : ईश्वरी तत्त्व किंवा दिव्यत्व हा एक, आणि निरनिराळ्या धर्मांत पूजिल्या जाणाऱ्या देवांपैकी कोणीही एक, हा दुसरा. पहिला अर्थ भाववाचक आहे, दुसरा व्यक्तिवाचक. एकाच शब्दाच्या पोटात हे दोन्ही अर्थ कसे नांदतात, आणि त्यांचे नांदणे मराठीच्या अभ्यासकाला काय शिकवते, याचा विचार प्रस्तुत लेखात करावयाचा आहे. मराठी विभागाच्या नियतकालिकात स्पॅनिश शब्दाची चर्चा कशासाठी, असा प्रश्न कोणी विचारील. त्याचे उत्तर असे की, ‘देइदाद’ या शब्दाचे जे झाले तेच आपल्या ‘देवता’ या शब्दाचे झालेले आहे. आणि ‘देवता’ या शब्दाने जव्हार-मोखाड्याच्या डोंगराळ मुलखातील देवांचे जे केले आहे, ते त्या परक्या शब्दाच्या आरशात अधिक स्पष्ट दिसते.

प्रथम ‘दिओस’ आणि ‘देव’ यांचे नाते पाहू. लॅटिन ‘देउस’, त्यापासून स्पॅनिश ‘दिओस’, पोर्तुगीज ‘देउस’, इटालियन ‘दिओ’. आणि संस्कृत ‘देव’. ही सारी एकाच मूळ शब्दाची रूपे आहेत आणि त्यांच्या मुळाशी प्रकाशमान आकाशाची कल्पना आहे. आपला ‘दिवस’ आणि स्पॅनिशमधील दिवसवाचक ‘दिआ’ हे शब्दही त्याच कुळातले. ग्रीक ‘थेओस’ मात्र ऐकायला जवळचा वाटला तरी या कुळातला नव्हे. इराणी शाखेत तर हाच शब्द उलटला आणि ‘दएव’ म्हणजे दुष्ट शक्ती असा त्याचा अर्थ झाला. हे साम्य युरोपीयांच्या ध्यानात प्रथम आले ते आपल्याच किनाऱ्यावर. फिलिप्पो सास्सेत्ती हा फ्लॉरेन्सचा व्यापारी गोव्यात राहत होता. त्याने १५८५ साली मायदेशी पाठविलेल्या पत्रात संस्कृत आणि इटालियन शब्दांची जी साम्ये नोंदविली, त्यांत सर्प, सात, आठ, नऊ या शब्दांबरोबर ‘देव’ हा शब्द आहे. त्याच्या दोन वर्षे आधी, १५८३ साली, फादर थॉमस स्टीफन्स यांनी गोव्याहून आपल्या भावाला लिहिलेल्या पत्रात इकडील भाषांची रचना ग्रीक-लॅटिनसारखी असल्याचे म्हटले होते. विल्यम जोन्सच्या सुप्रसिद्ध व्याख्यानाला (१७८६) त्यानंतर दोनशे वर्षे लागली.

आणखी एक गोष्ट सहसा विसरली जाते. १५८० ते १६४० ही साठ वर्षे पोर्तुगालचा राजमुकुट स्पेनच्या राजाच्या डोक्यावर होता. म्हणजे १५३४ पासून पोर्तुगीजांकडे असलेली वसई (जी आज, २०१४ साली झालेल्या पालघर जिल्ह्यात, जव्हार आणि मोखाडा यांच्या सोबतीने आहे) त्या काळात कागदोपत्री स्पेनच्याच राजाची होती. किनाऱ्यावर हे राज्य आणि वर डोंगरात जव्हारच्या मुकणे घराण्याचे कोळी राज्य, असे ते चित्र होते. किनाऱ्यावरच्या राज्याबरोबर जो धर्म आला त्याच्यासमोर एक भाषिक पेच होता : आपल्या ईश्वराला येथल्या भाषेत काय म्हणावे?

२

या पेचाची उत्तरे ठिकठिकाणी वेगळी दिली गेली, आणि ती पाहण्यासारखी आहेत. मेक्सिकोत नाहुआत्ल भाषेत ‘तेओत्ल’ (अनेकवचन ‘तेतेओ’) हा शब्द होता. स्पॅनिश धर्मोपदेशकांनी त्या भाषेत प्रश्नोत्तरी आणि प्रवचने रचली. मात्र ‘दिओस’ हा शब्द बहुधा भाषांतर न करता तसाच ठेवला. फिलिपीन्समध्येही तेच घडले. १५९३ साली मनिला येथे छापलेल्या धर्मप्रश्नोत्तरीत टागालोग मजकुरात ‘दिओस’च आहे, आणि आजही टागालोगमध्ये ईश्वराला ‘दियोस’ म्हणतात. जपानात फ्रान्सिस झेवियर यांनी प्रथम ‘दाइनिची’ हा बौद्ध परंपरेतला शब्द वापरून पाहिला. तो बुद्धाचे एक रूप सुचवितो हे कळल्यावर तो टाकून ‘देउस’वर येऊन थांबले. भीती एकच होती. स्थानिक शब्द घेतला की त्याच्याबरोबर स्थानिक देवही आत येतात.

गोव्यात मात्र स्थानिक शब्दाला दार उघडले. १६१६ साली रायतूर येथे छापलेल्या स्टीफन्सकृत ‘क्रिस्तपुराणा’त ‘देव’, ‘परमेश्वर’, ‘स्वामी’ हे शब्द तर आहेतच, पण ‘वैकुंठ’ही आहे. कोकणी प्रश्नोत्तरीतही (१६२२) ईश्वर म्हणजे ‘देव’च. गोव्यातला ख्रिस्ती माणूस आजही ‘देव बरें करूं’ म्हणून आभार मानतो. मात्र या स्वीकाराची किंमत दुसऱ्या एका शब्दाने दिली. गोव्यातील हिंदू परंपरेत ‘देवचार’ हा गावाच्या सीमेचा राखणदार, रात्री काठी आपटत फिरणारा. ख्रिस्ती परंपरेत तोच ‘देवचार’ म्हणजे सैतान झाला. ‘देव’ एकट्यासाठी राखून ठेवायचा तर उरलेल्यांना कोठेतरी ढकलावे लागतेच. एकाच गावात, एकाच भाषेत, एका घरी जो राखणदार त्याच्या नावाने शेजारच्या घरी मुलांना भिवविले जाई, असा हा प्रकार आहे.

स्पॅनिशमध्ये हे ढकलणे व्याकरणानेच करून ठेवलेले आहे. स्वतःचा ईश्वर म्हणजे ‘दिओस’ : मोठे आद्याक्षर, आधी उपपद नाही, अनेकवचन नाही. दुसऱ्यांचे देव लिहिताना आद्याक्षर लहान होते, उपपद लागते, अनेकवचन होते. म्हणजे अनेकवचन करणे हीच एक टीका ठरते. स्पेनमधून १४९२ साली हाकलल्या गेलेल्या ज्यू समाजाच्या स्पॅनिशमध्ये याची एक मासलेवाईक खूण उरली आहे. ते ‘दिओस’ न म्हणता ‘एल दिओ’ म्हणतात. ‘दिओस’च्या शेवटचा ‘स’ त्यांना अनेकवचनाचा वाटला आणि एकाच ईश्वराच्या नावात अनेकवचनाचा वास नको म्हणून त्यांनी तो टाकला, असे याचे परंपरागत स्पष्टीकरण आहे. वस्तुतः तो ‘स’ लॅटिन प्रथमेचा, अनेकवचनाशी त्याचा काही संबंध नाही. पण भाषा बोलणाऱ्याचा कान व्युत्पत्तीला विचारून ऐकत नाही.

मराठीत हा प्रश्न उद्भवतच नाही, आणि ही गोष्ट मला फार महत्त्वाची वाटते. ‘देव’ या अकारान्त पुल्लिंगी नामाचे प्रथमेचे अनेकवचन ‘देव’च होते. एक देव, पाच देव. संख्या ठरते ती क्रियापदावरून; आणि ‘देव आले’ असे म्हटले तरी आलेला देव एक की अनेक हे सांगता येत नाही, कारण तेच आदरार्थी बहुवचनही असू शकते. ‘देवांनी दिलं’ या वाक्याचीही तीच गोष्ट. मराठी बोलणाऱ्याला देव मोजल्याशिवाय देवाविषयी बोलता येते. स्पॅनिश बोलणाऱ्याला ही मुभा नाही. आपल्याकडील सर्वसामान्य माणूस एकेश्वरवादी की अनेकेश्वरवादी, या जुन्या वादात उतरणाऱ्यांनी त्याचे व्याकरण आधी तपासावे, असे सुचवावेसे वाटते.

३

आता ‘देइदाद’. हा शब्द लॅटिन ‘देइतास’वरून आला, आणि ‘देइतास’ हा मुळात भाषांतरासाठी घडविलेला शब्द. ऑगस्टीनने (३५४–४३०) आपल्या ‘ईश्वराचे नगर’ या ग्रंथाच्या सातव्या खंडाच्या आरंभी ग्रीक ‘थेओतेस’ या शब्दाचा नेमका प्रतिशब्द म्हणून आपले लेखक आता ‘देइतास’ असे म्हणू लागले आहेत, अशा आशयाची नोंद केली आहे. म्हणजे ‘देवपणा’. धर्मशास्त्राच्या काटेकोर चर्चेसाठी बनविलेला हा भाववाचक शब्द पुढे लोकभाषांत उतरला आणि हळूहळू ‘देवपणा’ऐवजी ‘देवपणा ज्याच्याकडे आहे तो’ असा अर्थ देऊ लागला. इंग्रजी ‘डीइटी’ याच ‘देइतास’चा फ्रेंचमार्गे आलेला भाऊबंद. ‘देइदाद’चे व्याकरणिक लिंग मात्र भाववाचकाचेच राहिले : स्त्रीलिंग. पर्जन्याचा पुरुष देव असला तरी स्पॅनिशमध्ये ‘ती देइदाद’.

हे वाचताना मराठी वाचकाला ‘देवता’ आठवल्याशिवाय राहणार नाही. अग्नी पुल्लिंगी, पण ‘अग्नी ही देवता’. ‘ता’ हा भाववाचक प्रत्यय आपण गुरुता, लघुता, मानवता या शब्दांत ओळखतो. पाणिनीने भावार्थी ‘त्व’ आणि ‘तल्’ सांगणारे सूत्र एका ठिकाणी दिले (५.१.११९), आणि ‘देव’ शब्दाला तोच ‘तल्’ अर्थात काहीही फरक न करता लागतो, यासाठी दुसऱ्या ठिकाणी स्वतंत्र सूत्र दिले (५.४.२७). वैयाकरणाला असा वेगळा नियम करावा लागतो, याचाच अर्थ त्याच्या काळी ‘देवता’ या शब्दाचे भाववाचकत्व विरून तो ‘देव’ या अर्थी रूढ झालेला होता. वैदिक भाषेत याहून जुने ‘देवताति’ हे रूप आहे. त्यातील ‘ताति’ आणि लॅटिन ‘देइतास’मधील प्रत्यय हे सख्खे भाऊ. दोन भाषांनी, एकमेकींना न विचारता, एकाच धातूला एकच प्रत्यय लावला आणि दोन्हीकडे भाववाचक नामाची व्यक्ती झाली. तौलनिक भाषाशास्त्रात इतके समांतर उदाहरण क्वचित मिळते.

पण व्यक्ती झाली तरी ती कशा प्रकारची? वैदिक सूक्तांच्या अनुक्रमणीत प्रत्येक सूक्ताचा ऋषी, देवता आणि छंद दिलेला असतो. तेथे ‘देवता’ म्हणजे सूक्त ज्याच्याविषयी आहे ते. म्हणून बेडूक ही देवता होते (७.१०३), फासे देवता होतात (१०.३४), सोम कुटण्याचे दगड देवता होतात (१०.९४). ‘देवता’ हे येथे एक स्थान आहे, ते कोणीही भरू शकते. ‘देव’ असे रिकामे स्थान नव्हे.

हा फरक आजच्या मराठीतही जिवंत आहे. न्यायदेवता, स्वातंत्र्यदेवता, रंगदेवता हे शब्द आपण सहज वापरतो. न्यूयॉर्कच्या बंदरातला तो प्रचंड पुतळा आपल्या वृत्तपत्रांनी ‘स्वातंत्र्यदेवतेचा’ केला. ‘न्यायदेव’, ‘रंगदेव’ असे कोणी म्हणत नाही, कारण या ठिकाणी कोणी देव नाहीच. एका कल्पनेला मानवी आकृती दिलेली आहे. उलट संकटात माणूस ‘देवा!’ अशी हाक मारतो. ‘हे देवते’ अशी हाक कवितेबाहेर कोणी मारल्याचे ऐकिवात नाही. स्पॅनिशमध्येही अगदी हेच आहे. घाबरलेला माणूस ‘दिओस मिओ’, माझ्या देवा, असे ओरडतो. ‘माझ्या देइदादे’ असे सतराव्या शतकातल्या नाटकातला प्रियकर आपल्या सुंदर नायिकेला उद्देशून म्हणतो. संबोधन ही देवाच्या जिवंतपणाची व्याकरणिक कसोटी मानावी. जो हाकेला येतो तो देव; जिच्याविषयी लिहिले जाते ती देवता. (‘दैवत’ हा तिसरा, नपुंसकलिंगी शब्द. त्याचा व्यवहार आणखी वेगळा आहे. राष्ट्रपुरुषालाही आपण दैवत म्हणतो. त्याची चर्चा येथे नको.)

स्पॅनिशमध्ये ‘देइदाद’ हा शब्द आज प्रामुख्याने कोठे आढळतो? वस्तुसंग्रहालयातील पाट्यांवर, पुरातत्त्वाच्या ग्रंथांत, कोलंबसपूर्व अमेरिकेच्या देवांविषयी लिहिताना. ‘त्लालोक, पर्जन्याशी संबंधित देइदाद’ या घाटाची वाक्ये तेथे नित्याची आहेत. ‘दिओस’ या अर्थी तो वापरता येत नाही असे नाही, आणि उलट ‘त्लालोक हा देव’ असेही लिहिले जाते. नियम म्हणून नव्हे, कल म्हणून मी हे सांगत आहे. जुन्या मिशनऱ्यांनी या देवांना मूर्ती म्हटले, सैतान म्हटले. त्यांचा निदान राग तरी होता, आणि राग जिवंत प्रतिस्पर्ध्याचा येतो. ‘देइदाद’ या शब्दात राग नाही. तो सभ्य शब्द आहे. ज्याच्याशी आता कोणाचे काही देणेघेणे उरले नाही, त्याच्यासाठी वापरावयाचा सभ्य शब्द.

४

जव्हार आणि मोखाडा हे तालुके वारली, कोकणा, महादेव कोळी, ठाकर, कातकरी या समाजांचे. साखरशेतसारखी ‘शेत’ शब्दान्ती गावे, त्यांचे विखुरलेले पाडे, भात-नाचणी-वरीची उतारावरची शेती, आणि पावसाळा सरला की विटभट्टीकडे किंवा वसई-भिवंडीकडे कामाला जाणारी माणसे. या भागातून आलेले विद्यार्थी आमच्या वर्गात लोकसाहित्यावर प्रबंधिका लिहितात. बोलताना ते ‘हिरवा’ म्हणतात, ‘वाघदेव’ म्हणतात, ‘गावदेवी’ म्हणतात. लेखणी हाती घेतली की हिरवा ‘कुलदेवता’ होतो, वाघदेव ‘निसर्गदेवता’ होतो, नारनदेव ‘पर्जन्यदेवता’ होतो आणि गावदेवी ‘ग्रामदेवता’. त्यांनी हे आमच्याकडूनच उचलले आहे. क्रमिक पुस्तके, शासकीय पुस्तिका आणि आमची व्याख्याने हेच शब्द वापरतात. इंग्रजी मानववंशशास्त्रीय लेखनातील ‘डीइटी’ मराठीत येताना ‘देवता’ झाली, आणि ती ज्यांच्या देवांविषयी होती त्यांच्याच वहीत जाऊन बसली.

यात बिघडले काय, असे विचारता येईल. शेवटी दोन्ही शब्द एकाच मुळाचे. म्हणून शब्द सोडून क्रियापदे पाहू. हिरवा घरात असतो, मोरपिसांच्या रूपाने सांभाळला जातो. देव अंगात येतो, घुमतो, बोलतो. देव रुसतो, घरात दुखणे आले की भगत दाणे पाहतो आणि कोणता देव रुसला ते सांगतो. देव मागतो; त्याला द्यावे लागते. नवे धान्य देवाला दाखविल्याशिवाय घरातल्यांनी खायचे नाही, कारण कणसरीचा वाटा आधी. वाघबारशीला वाघदेवाला नैवेद्य दिला जातो तो वाघ हे वनाचे प्रतीक आहे म्हणून नव्हे. गुरे राखणाऱ्यांचा वाघाशी प्रत्यक्ष व्यवहार होता, आणि व्यवहार सांभाळावा लागतो म्हणून. या सर्व वाक्यांत देव कर्ता आहे. क्रियापदे कर्तरी आहेत, आणि त्यांतली बरीचशी भूक, राग, येणे-जाणे यांची आहेत.

आता प्रबंधिकेतील वाक्यरचना पाहा : हिरवा ही कुलदेवता मानली जाते. वाघाला निसर्गदेवता म्हणून पूजले जाते. कणसरी हे समृद्धीचे प्रतीक समजले जाते. कर्ता नाहीसा झाला आहे. मानणारा कोण ते सांगितलेले नाही, आणि देवाला करायला काही उरलेले नाही. ‘देवता’ या शब्दाला ‘मानली जाते’ हे क्रियापद इतके चिकटलेले आहे की एक लिहिले की दुसरे आपोआप येते. ‘देवता रुसली’ असे लिहायला हात धजत नाही. शास्त्रीय तटस्थतेसाठी असे लिहावे लागते, हे समर्थन मला ठाऊक आहे. पण आपल्या घरच्या देव्हाऱ्याविषयी लिहिताना ही तटस्थता कोणाच्या लेखणीत सहसा उतरत नाही. खंडोबाविषयी लिहिताना खंडोबा घोड्यावर बसतो, बाणाईसाठी मेंढरे राखतो, म्हाळसा रुसते. तेथे क्रियापदे कर्तरीच राहतात. तटस्थता ही डोंगरातल्या देवांच्याच वाट्याला येते, आणि ‘देइदाद’ जशी मेक्सिकोच्या देवांच्या वाट्याला येते तशीच येते.

लग्नाचा चौक हे याचे ठळक उदाहरण. वारली घराच्या भिंतीवर तांदळाच्या पिठाने सवाशिणी चौक लिहितात. त्यात पालघट देवी असते, आणि देवचौकात घोड्यावरचा पंचशिऱ्या. धवलेरी गाण्यांतून देवांना बोलावते. चौकात देवी आल्याशिवाय लग्न लागत नाही. १९७० नंतर ही चित्रे कागदावर आली, गंजाडच्या जिव्या सोमा मशे यांच्यामुळे जगभर पोचली, आणि त्यांच्यासोबत निरनिराळ्या भाषांतील परिचयपत्रके निघाली. त्या पत्रकांत पालघट ही ‘सुफलनाची देवता’ असते. हे विधान खोटे नाही. परंतु पालघटीला लग्नात हजर राहायचे असते, आणि सुफलनाची देवता हजर राहत नाही. ती सूचित होते. चित्र भिंतीवरून उतरून विक्रीला जाऊ शकले, हा चित्रकारांच्या उपजीविकेच्या दृष्टीने मोठाच लाभ होता; पत्रकाच्या भाषेने ही भिंत आणि कागद यांतली सीमारेषा पुसून टाकली. कागदावर देव लिहिलेला असतो आणि भिंतीवर तो आलेला असतो.

सामान्य मराठीतही या ‘येण्या’ची एक जुनी खूण आहे. गोवर-कांजिण्यांच्या पलीकडच्या त्या भीषण रोगाला आपण ‘देवी’ म्हणत आलो, आणि रोग झाला की ‘देवी आल्या’ असे, आदरार्थी बहुवचनात. लस टोचणे म्हणजे ‘देवी काढणे’. भारतातून हा रोग १९७५ नंतर दिसेनासा झाला. शब्दप्रयोग वृद्धांच्या तोंडी राहिला. ‘देवता आल्या’ असे कोणीही, कधीही म्हटले नाही.

५

मोखाडा-जव्हारचा बोहाडा या चर्चेत टाळता येत नाही. चैत्र-वैशाखात गावोगाव होणारा हा मुखवट्यांचा उत्सव. आरंभी गणपती, शारदा. मग रात्र-रात्र संबळ-सनईच्या नादावर एकामागून एक सोंगे. शेवटी जगदंबा आणि महिषासुराचे युद्ध. कागदाच्या लगद्याचे, उजळ रंगांचे मुखवटे. ठराविक सोंग ठराविक घराण्याकडे पिढ्यान्‌पिढ्या चालत आलेले. या सोंगांत पुराणातले देव आहेत तसा वेताळही आहे. कोकणपट्टीत आणि गोव्यात वेताळ हा गावाचा राखणारा, देशावरच्या गोष्टींत तो भुतांचा राजा. बोहाड्यात तो रांगेत आपली पाळी येताच नाचतो, त्याचे वर्गीकरण कोणी विचारत नाही.

‘सोंग’ या शब्दाने अभ्यासकांची दिशाभूल होते. आपल्या नागर मराठीत सोंग म्हणजे खोटे रूप. ‘सोंग करणे’ ही निंदा. बोहाड्यातले सोंग पाहायला बसलेली म्हातारी मुखवट्यापुढे हात जोडते, आणि मुखवट्याच्या आतला माणूस कोणाचा मुलगा हे तिला पक्के माहीत असते. या दोन्ही गोष्टी एकाच वेळी खऱ्या आहेत. नाहुआत्ल भाषेत या स्थितीसाठी ‘इश्िप्त्ला’ हा शब्द होता : देवाची वस्त्रे, अलंकार, मुखवटा धारण केलेला माणूस, मूर्ती किंवा कणकेची आकृतीसुद्धा. तो देवाचा प्रतिनिधी, त्याची कातडी, त्याचे रूप. आणि तेवढ्या काळापुरता देवच. स्पॅनिश लेखकांना याला प्रतिशब्द सापडेना, तेव्हा त्यांनी ‘प्रतिमा’, ‘मूर्ती’, ‘प्रतिरूप’ असे वेगवेगळे शब्द वापरले आणि प्रत्येक वेळी काहीतरी बाहेर राहिले. ‘देइदाद’ तर येथे पूर्णच निरुपयोगी. कारण ‘देइदाद’ला चेहरा लावता किंवा उतरविता येत नाही. मराठीजवळ ‘सोंग’ हा शब्द अजून आहे. तो बोहाड्याच्या अर्थाने, निंदेच्या छटेशिवाय, कोशात स्वतंत्र नोंदवला जावा इतक्या योग्यतेचा आहे.

६

हा केवळ शब्दच्छल नाही, याचे एक व्यावहारिक प्रमाण. २००६ च्या वनहक्क कायद्याखाली सामूहिक दावा करताना गावाला पुरावे द्यावे लागतात, आणि या कायद्याच्या २००८ च्या नियमांत पुराव्यांच्या यादीत पवित्र झाडे आणि देवराया यांचा उल्लेख आहे. म्हणजे ‘येथे आमचा देव आहे’ हे वाक्य जमिनीवरील हक्काच्या कामी येऊ शकते. ‘देव आहे’ या वाक्यात जागा आहे, जाण्यायेण्याची वाट आहे, वर्षातून कोणत्या दिवशी कोण जाते ही माहिती आहे, आणि देव कोणाचा हेही आहे. ‘येथे निसर्गदेवतेची उपासना केली जाते’ असे लिहिले की निसर्ग सर्वत्र असल्यामुळे नेमकी जागा उरत नाही, आणि उपासना कोण करते तेही उरत नाही. दावा लिहून देणारा शिकलेला मुलगा आमच्याच वर्गांतून गेलेला असतो. त्याने कोणते वाक्य लिहावे हा भाषेच्या शिक्षकाचा प्रश्न आहे.

भाषांतरापुरते बोलायचे तर माझे मत असे. वारली, कोकणा, महादेव कोळी यांच्या देवांविषयी मराठीत लिहिताना ‘देव’ आणि ‘देवी’ हेच शब्द ठेवावेत. ‘गावदेवी’चे ‘ग्रामदेवता’ करू नये. हिरवा, कणसरी, हिमाई, पालघट ही नावे विशेषनामे म्हणून उभी राहू द्यावीत आणि प्रत्येकीच्या मागे ‘अमुकाची देवता’ असे शेपूट लावू नये. ‘देवता’ हा शब्द जेथे त्याचे जुने काम आहे तेथे, म्हणजे न्याय, स्वातंत्र्य, रंगभूमी यांच्यासाठी आणि वैदिक अनुक्रमणीच्या चर्चेसाठी, उत्तम आहे. स्पॅनिशमध्ये हे देव न्यायचे झाल्यास ‘देइदाद’ टाळून लहान आद्याक्षराचा ‘दिओस’ घ्यावा, आणि शक्य तेथे नुसते ‘हिरवा’ लिहून पुढचे क्रियापद कर्तरी ठेवावे. क्रियापद सांभाळले तर नाम थोडे चुकले तरी चालते.

आमच्या विभागात आता प्रबंधिका तपासताना ‘मानली जाते’ या शब्दांखाली पेन्सिलीने रेघ ओढून समासात ‘कोण मानते?’ एवढेच लिहिण्याचा प्रघात आहे. बरेचसे विद्यार्थी वाक्य बदलून आणतात. गेल्या खेपेस एका विद्यार्थिनीने वाक्य न बदलता समासात त्याच्याखालीच उत्तर लिहून आणले : ‘माझी आजी. पण ती मानत नाही, तिला देते.’